रूट कॅनल अर्धी राहिली. आता दाढ ठेवू की काढू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मखमलाबादच्या एका ३८ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. घरची द्राक्षबाग आहे. डिसेंबरमध्ये खालची उजवीकडची मोठी दाढ इतकी ठणकली की रात्री बसून काढाव्या लागल्या. पंचवटीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी दाढ उघडली, नस काढली, आत औषध ठेवून वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि आठवड्याने बोलावलं. इंजेक्शन देऊनही त्या दिवशी बरंच दुखलं. पण दुसऱ्या दिवसापासून ठणका गेला तो गेलाच. पुढे बागेची काढणी सुरू झाली, मजुरांचं चहापाणी, मुलांच्या परीक्षा, आणि दवाखाना राहून गेला. फेब्रुवारीत भाकरी खाताना सिमेंट निघालं. आता खड्ड्यात अन्न अडकतं, ते त्या काडीने कोरून काढतात. हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्या, तेवढ्यापुरती ती बसली. दुखत मात्र काहीच नाही. परवा डॉक्टरांकडे गेल्या तर ते म्हणाले, आतली सफाई पहिल्यापासून करावी लागेल, मग दाढेवर टोपी, म्हणजे कॅप, बसवावी लागेल, खर्च वाढेल. यजमानांचं म्हणणं, "दुखत नाही तर पैसे कशाला घालायचे? काढून टाक एकदाची." जाऊबाईंची रूट कॅनल केलेली दाढ दोन वर्षांत तुटली. शेजारच्या वहिनी सांगतात की रूट कॅनल केली की मेलेला दात तोंडात राहतो आणि त्याचं विष अंगात भिनतं. सासूबाई म्हणतात, दात काढले की नजर जाते. ताईंना गेल्या वर्षापासून मधुमेहाची गोळीही सुरू आहे. त्या विचारतात: डॉक्टर पैशांसाठी लांबवत आहेत का? दाढ ठेवू की काढू?

ताई,

"दुखत मात्र काहीच नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतं. यजमानांचं म्हणणं त्याच वाक्यावर उभं आहे आणि डॉक्टरांबद्दलची तुमची शंकाही. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलू.

दाताच्या आत, अगदी मधोमध, एक मऊ भाग असतो. आपण त्याला सरसकट नस म्हणतो, पण त्यात बारीक रक्तवाहिन्याही असतात आणि तो मुळांच्या टोकापर्यंत उतरलेला असतो. कीड वरचं कठीण कवच पोखरत तिथवर पोहोचली की तो भाग सुजतो. अंगात दुसरीकडे कुठे सूज आली तर तिला फुगायला वाव असतो. दाताच्या आत चारी बाजूंनी कठीण भिंती, सुजेला जागाच नाही. आडवं पडलं की वाढणारा, झोपेतून उठवून बसवणारा तुमचा तो डिसेंबरमधला ठणका या दाबाचा होता. डॉक्टरांनी दाढ उघडली, सुजलेली नस काढली, दाब गेला, ठणकाही गेला. खरा उपचार मात्र तिथून पुढे व्हायचा होता.

कारण मूळ कारण जंतू आहेत. १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला, तो दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. काही उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेले होते, काही नेहमीसारखे. दोन्हींच्या दाढांमधली नस मुद्दाम उघडी पाडली. नेहमीच्या उंदरांच्या दाढा आतून सडल्या, मुळांशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत अन्नाचे कण जाऊन बसले तरी नस जगली आणि उघड्या जागेवर नवा कठीण थर धरला. नस मारतात ते जंतू. रूट कॅनलची सगळी खटपट एवढ्यासाठीच असते: आत शिरलेले जंतू काढायचे आणि ते पुन्हा शिरू नयेत म्हणून वाट कायमची बंद करायची. तुमच्या दाढेत पहिलं काम अर्धं झालं, दुसरं झालंच नाही.

आठवड्याने कशासाठी बोलावलं होतं, हे त्या दिवशी कोणीतरी तुम्हाला नीट बसवून सांगायला हवं होतं. ते तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवडे टिकेल एवढ्याच बेताने भरलेलं असतं, आतलं औषधही काही काळापुरतंच. फेब्रुवारीपासून तुमच्या दाढेचं झाकण उघडं आहे. लाळ आणि अन्न थेट मुळांच्या नळ्यांपर्यंत जातंय. कळवायला नसच उरलेली नाही, म्हणून तुम्हाला ते कळत नाही.

आता ती पुटकुळी. तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची खूण तीच. मुळाच्या टोकाशी, जबड्याच्या हाडात, पू साठतो. तो हाडातून वाट काढत हिरडीपर्यंत येतो. आधी लालसर फुगवटा, मग मधोमध पिवळट ठिपका, बोट लागलं की खारट, घाण चव, आणि दोन दिवसांत सगळं सपाट. पुवाला बाहेर पडायला मिळालेलं हे तोंड आहे. ते उघडं आहे म्हणून आत दाब नाही, आणि दाब नाही म्हणून दुखत नाही. डॉक्टर कधी कधी याच तोंडातून एक मऊ बारीक काडी हळूच आत सरकवतात आणि एक्स-रे काढतात. काडी ज्या मुळापाशी जाऊन थांबते, पू तिथून येतोय हे कळतं. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं तर घाबरू नका, त्याचा फारसा त्रास होत नाही.

मेडिकलच्या गोळ्यांनी पुटकुळी बसली आणि परत आली, त्याचंही कारण यातच आहे. गोळीचं औषध रक्तातून पोहोचतं, आणि तुमच्या दाढेच्या आत आता रक्तपुरवठाच नाही. ठिबकची नळी जिथे तुटली आहे त्याच्या पुढच्या झाडांना टाकीतून कितीही खत सोडलं तरी पोहोचत नाही, तसं हे आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली डॉक्टरांसाठी काढलेल्या सूचनांतही हेच म्हटलं आहे की दातावर प्रत्यक्ष उपचार करता येत असेल तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप असेल, सूज पसरत असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि मधुमेह किती आटोक्यात आहे हेही डॉक्टर बघतील. ते त्यांना ठरवू द्या. चिठ्ठीशिवाय पुन्हा कोर्स आणू नका.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, यजमानांना आधी. पुटकुळीचं तोंड कधी बुजेल ते सांगता येत नाही, आणि बुजलं की पू दुसरी वाट शोधतो. खालच्या दाढांचा पू जबड्याखाली, जिभेखाली, गळ्याकडे उतरू शकतो. जबड्याखाली सूज वाढायला लागली, तोंड उघडेनासं झालं, घास किंवा थुंकी गिळताना त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, ताप भरला, श्वास जड झाला, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय गाठा किंवा चोवीस तास उघडं असलेलं जवळचं मोठं रुग्णालय. असं वारंवार होत नाही, पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो. बाहेरून गरम शेक देऊ नका. दाढेत तंबाखू, मशेरी, कापूर, ॲस्पिरिनची गोळी असलं काही दाबून ठेवू नका. ॲस्पिरिनने हिरडी अक्षरशः भाजते.

मधुमेहाचा इथे दुहेरी संबंध आहे. साखर वाढलेली असेल तर जखम आणि हाड भरायला वेळ लागतो, आणि तोंडात असा पू साठलेला असेल तर साखर आटोक्यात आणणंही जड जातं. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून तिचा कागद दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात जाताना उपाशी जाऊ नका. नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी, आणि शक्यतो सकाळची वेळ.

आता तुमची शंका, डॉक्टर पैशांसाठी लांबवत आहेत का. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. दाढ इतके दिवस उघडी राहिल्यावर आतली सफाई पुन्हा करायला सांगणं हा प्रामाणिक सल्ला आहे. जो डॉक्टर तशीच वरून सिमेंट भरून टोपी बसवायला तयार होईल त्याच्यापासून मी सावध राहीन. पण पैशांबद्दल मोकळेपणाने विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात संकोच नको. रूट कॅनल, वरची पक्की भरणी आणि टोपी या तिन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. डिसेंबरमध्ये दिलेले पैसे यात धरले आहेत का, हे विचारा. पुष्कळदा भांडण पैशांचं नसतं. रूट कॅनलचा आकडा ऐकून पेशंट हिशेब बांधतो आणि टोपीचा आकडा नंतर कळतो, तिथे विश्वास तुटतो. त्यातूनही मन मानत नसेल तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे तुमचा आहे, तो मागायला कचरू नका. रूट कॅनल कोणताही बीडीएस डॉक्टर करू शकतो आणि पुष्कळ जण उत्तम करतात. पण पुन्हा करायची रूट कॅनल, वाकडी मुळं, आत अडकलेलं काही, अशा कामांसाठी याच विषयात आणखी तीन वर्षं शिकून एमडीएस झालेले डॉक्टर असतात. तुमच्यासारख्या वेळी त्यांचं मत घेणं योग्य.

यजमानांच्या "काढून टाक"मागे तुमच्याबद्दलची काळजी आणि खर्चाची धास्ती दोन्ही असणार. दाढ काढणं हा गुन्हा नाही. कधी कधी तोच बरोबर उपाय असतो. मूळ उभं चिरलेलं असेल, कीड हाडाच्या खाली गेली असेल, हिरडीच्या आजाराने दाढ खिळखिळी झाली असेल, किंवा टोपीला धरायला दातच उरला नसेल, तर ती वाचवण्यात पैसे घालू नयेत. या शेवटच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. हिरडीच्या वर सगळ्या बाजूंनी साधारण दीड-दोन मिलिमीटर तरी चांगला दात असावा लागतो, तेव्हा टोपी टिकते. तुमच्या दाढेचा वरचा भाग डिसेंबरमध्येच किडला होता, आणि फेब्रुवारीपासून ती उघडी आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "टोपीला धरायला दात किती उरलाय?" ते काय म्हणतात त्यावर सगळं ठरेल. मी इथे बसून ते सांगू शकत नाही.

दात पुरेसा उरला असेल तर मात्र काढणं स्वस्त पडतं हा हिशेब अर्धाच आहे. काढायचा खर्च कमी, हे खरं. तुमच्या वर्णनावरून ही वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली मोठी दाढ दिसते, चावण्याचं सर्वांत जास्त काम करणारी. ती गेली की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते, मधे अन्न अडकायला लागतं. हे महिन्यात होत नाही, वर्षांत होतं. जागा भरायची म्हटलं तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी, दोन्ही बाजूंच्या चांगल्या दातांना घासावं लागतं. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, उत्तम, पण ते रूट कॅनल आणि टोपीपेक्षा महाग पडतं, काही महिने लागतात आणि साखर ताब्यात असावी लागते. जागा तशीच रिकामी ठेवून लोक जगतात, मी नाही म्हणत नाही. अगदी शेवटची दाढ असेल, किंवा तिच्या समोरची आधीच गेलेली असेल, तर मी स्वतःही जागा रिकामी ठेवा असं सांगते. पण ३८व्या वर्षी, ही दाढ वाचण्यासारखी असताना काढून टाकणं मला पटत नाही.

सगळ्यात घातक पर्याय म्हणजे काहीच न करणं, आणि गेले काही महिने तुम्ही नकळत तोच निवडला आहे. ठेवा किंवा काढा, पण अशी ठेवू नका.

जाऊबाईंना एक विचारून बघा: त्या दाढेवर टोपी बसवली होती का? माझा अंदाज आहे, नसेल. रूट कॅनल झालेली दाढ आधी किडीने पोखरलेली असते, मग आत जायला वरून भोक पाडलेलं असतं, म्हणजे बाजूच्या भिंती पातळ झालेल्या असतात. शेंगदाणा, सुपारी, आईस्क्रीममधला बर्फाचा खडा, काहीतरी एक दिवस त्या भिंतींना उभा चिरतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनल झालेल्या १४ लाखांहून जास्त दातांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या होत्या. आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. आणि जे काढावे लागले, त्यातल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण टोपी नव्हती. त्या नोंदी विमा असलेल्या लोकांच्या होत्या, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा धरू नका, पण टोपीचा मुद्दा इथेही तितकाच लागू आहे. पुढच्या पटाशीच्या दातांना दर वेळी टोपी लागतेच असं नाही. दाढांना लागते. आणि ती आतली भरणी झाल्यावर काही आठवड्यांतच बसवायची. "दिवाळीनंतर बघू" म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी चांगल्या रूट कॅनल अशाच वाया जातात.

टोपी महागातलीच घ्यायला हवी असं नाही. खालच्या मागच्या दाढेवर धातूची टोपी छान चालते. ती मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो, आणि हसताना ती दिसतही नाही. दाताच्या रंगाची झिर्कोनियाची हवी तर घ्या, पण तेवढे पैसे नाहीत म्हणून टोपीच टाळू नका. दोन्हींमधला निवडीचा भाग दिसण्याचा जास्त आहे.

शेजारच्या वहिनींची भीती जुनी आहे आणि तिच्या मागे इतिहास आहे. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं, की वाईट दंतकामाखाली साचलेल्या जंतूंमुळे अंगभर आजार होतात. पुढे १९२०च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने रूट कॅनल केलेले, काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून ससे आजारी पडतात असं दाखवलं. त्या काळात असंख्य लोकांचे वाचण्यासारखे दात उपटले गेले. नंतर इतरांनी जास्त काटेकोरपणे प्रयोग केले तेव्हा प्राइस यांचे निष्कर्ष टिकले नाहीत. आज नीट केलेल्या रूट कॅनलमुळे अंगात विष पसरतं याला आधार नाही. वहिनींना वाटतं तसा तो दात मेलेलाही नसतो. आतला मऊ भाग गेलेला असतो, पण मूळ ज्या तंतूंनी हाडाला धरलेलं असतं ते जिवंत असतात, म्हणून तर घास चावल्याचं त्या दातालाही कळतं. अंगात जंतू सोडणारी दाढ कुठली म्हणाल तर ती आजची, उघडी, पुवाची दाढ.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण मनातून ती भीती काढा. दातांच्या संवेदना एका नसेतून जातात आणि दृष्टी अगदी वेगळ्या नसेतून. दाढ काढल्याने किंवा रूट कॅनलने नजर कमी होत नाही. ज्या वयात माणसाचे दात पडतात किंवा काढावे लागतात, त्याच वयात चष्म्याचा नंबर वाढतो आणि मोतीबिंदू होतो, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात जोडल्या गेल्या. सासूबाईंना कवळी असेल तर त्यांना प्रेमाने विचारा, हुरडा, ऊस, खरपूस भाकरीचा काठ शेवटचा कधी खाल्ला. दाढ ठेवायची की नाही याबद्दल कदाचित त्याच तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

डिसेंबरमध्ये इंजेक्शन देऊनही दुखलं, ती आठवण तुम्हाला अडवत असणार. पत्रात तुम्ही ती एकाच ओळीत लिहिली आहे, पण मला ती कळते. खालच्या दाढेची नस भडकलेली असताना भूल नीट चढत नाही. हे डॉक्टरांना माहीत असतं आणि अशा वेळी जास्तीचं किंवा वेगळ्या जागी इंजेक्शन द्यावं लागतं. आता ती भडकलेली नस नाही, त्यामुळे या वेळी तसा त्रास व्हायचं कारण उरलेलं नाही. तरीही सुरुवातीलाच सांगा, "मागच्या वेळी दुखलं होतं, दुखलं तर मी डावा हात वर करीन." चांगला डॉक्टर हात वर झाला की थांबतो.

आत नेमकं काय करतात ते माहीत असलं की खुर्चीवरची भीती अर्धी होते. तोंडावर एक रबराचा पातळ पडदा लावून त्यातून फक्त ती दाढ वर काढतात, त्याला रबर डॅम म्हणतात. लाळ आत जात नाही आणि बारीक अवजारं, औषधं घशाकडे जात नाहीत. सगळीकडे तो लावतात असं नाही. "रबर डॅम लावता का?" हे विचारण्यासारखं आहे. तुमच्या या दाढेत बहुधा तीन नळ्या असतील, कधी चार. दात मुळासकट साधारण दोन सेंटिमीटर लांब, आणि सुरुवातीला आत घालतात त्या सुईचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. सुई मुळाच्या टोकापाशी आली की एक छोटं यंत्र टूं टूं करतं, मग डॉक्टर लांबी लिहून घेतात. मधून मधून पिचकारीने औषध सोडून आतलं धुतात. त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. तो आला की समजा, जंतू मारायचं काम चाललंय. या धुण्याला वेळ देणारा डॉक्टर मला आवडतो, कारण नळीच्या बारीक फाट्यांत सुई पोहोचत नाही, औषधच पोहोचतं. शेवटी नळ्या गुट्टा पर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून होणाऱ्या रबरासारख्या पदार्थाने घट्ट भरतात.

एका बैठकीत करणारे चांगले की तीन बैठकांत करणारे, यावरून लोक डॉक्टर निवडतात. तसं काही नसतं. पुष्कळ दात एकाच बैठकीत होतात आणि तितकेच चांगले बरे होतात. तुमच्या दाढेत पू आहे, म्हणून आत औषध ठेवून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तर त्यात लांबवणं नाही. पुटकुळी बंद झाली की नाही हे त्या दिवशी डॉक्टर बघतील, तुम्हीही आरशात बघा. कधी बारीक सुई आत तुटते. मुळं वाकडी असतात, चांगल्या हातूनही तुटते, आणि दर वेळी त्याने दात जातोच असं नाही. पण तुटली तर ते पेशंटला सांगितलंच पाहिजे. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसेल. त्यासाठी कोणती वेदनाशामक गोळी चालेल ते लिहून घ्या, आणि मूत्रपिंडाचा, पोटातल्या अल्सरचा, दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा. हे वाचणाऱ्या इतरांपैकी कोणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनीही ते आवर्जून सांगावं. त्या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून अशांसाठी रूट कॅनल जास्त सुरक्षित ठरते.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पंचवटीतच महात्मा गांधी विद्यामंदिराचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, मखमलाबादहून फार लांब नाही. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी येतो, पण एकेका टप्प्यावर शिक्षकांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत, म्हणून फेऱ्या जास्त होतात आणि एकेक फेरी अर्धा दिवस घेते. नोंदणीच्या खिडकीवर सगळं सांगा: अर्धवट राहिलेली रूट कॅनल, पुटकुळी, मधुमेह. आरोग्य विमा असेल तर त्याचे कागद चाळून घ्या, पण अपघात सोडला तर दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत धरलेला नसतो, तेव्हा त्यावर विसंबू नका.

काढणी आता आटपत आली असेल. ती संपून खरड छाटणी सुरू होईपर्यंतचे मधले दिवस या कामाला द्या, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा एकदम मागून घ्या, टोपीच्या मापाच्या तारखेसकट. एका तरी वेळी यजमानांना बरोबर न्या आणि एक्स-रे त्यांना दाखवायला सांगा. मुळाच्या टोकाशी हाड गेलेल्या जागी काळी सावली दिसेल. ती बघितल्यावर "दुखत नाही ना" हा प्रश्न बहुधा ते पुन्हा विचारणार नाहीत. तोवर काडीने कोरणं बंद. जेवल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून जोरात चुळा भरा, डावीकडून चावा, आणि खड्ड्यावर पुन्हा तात्पुरतं सिमेंट भरायचं की उघडंच ठेवायचं हे स्वतः न ठरवता उद्या फोन करून विचारा.

टोपी बसल्यावर ही दाढ तुम्हाला विसरून जाता येईल, पण दोन गोष्टी उरतात. टोपीला कीड लागत नाही, तिच्या काठाखालच्या दाताला लागते, म्हणून हिरडीलगत ब्रश रोज दोनदा. आणि एक्स-रे: पहिला सहा महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास, दुसरा वर्षाने. ती काळी सावली लहान होत गेलेली दिसायला हवी. हाड भरायला कधी वर्षाहून जास्त लागतं, तेव्हा सहा महिन्यांत पूर्ण गेली नाही म्हणून निराश होऊ नका. मोठी झाली किंवा पुटकुळी परतली, तर मात्र त्याच आठवड्यात दाखवा. या दोन्ही तारखा टोपी बसवून घेतानाच बागेच्या कामांच्या वहीत लिहून टाका.